लेझर करून चष्मा गेला, पण डोळे अजून बरे वाटत नाहीत. किती दिवस लागतात?

केळफूल | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बारा दिवसांपूर्वी माझं लॅसिक झालं. सहावीपासून चष्मा होता. शेवटचा नंबर उजव्याला साडेपाच, डाव्याला सहा, दोन्ही मायनस. ऑपरेशन पंधरा मिनिटांत आटोपलं, दुखलं अजिबात नाही. फक्त लेझर चालू असताना केस जळल्यासारखा वास आला तेव्हा पोटात गोळा आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांवरची शील्ड काढली आणि पलंगावर पडल्यापडल्या पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा चष्म्याशिवाय. मी रडायला लागले, तर आई ओरडली, "अगं रडू नकोस, डोळ्यांना चालतं का विचार आधी!"

तपासणीत ६/६ आहे. डॉक्टर म्हणतात, सगळं उत्तम. पण मला उत्तम वाटत नाहीये. सकाळी पापण्या चिकटल्यासारख्या उघडतात. दुपारी चारनंतर ऑफिसात डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. रात्री चिंचवड स्टेशनच्या चौकात समोरून गाड्या आल्या की प्रत्येक दिव्याभोवती मोठं वलय दिसतं. काल रात्री मी भीतीनं स्कूटर बाजूला घेतली आणि भावाला बोलावलं.

विचारायचं असं की, हे किती दिवस चालतं? ऑफिसचं काम नऊ तास स्क्रीनवर आहे, ते कसं निभावलंत? आई गुलाबपाणी आणि मध आणून बसली आहे, तिला काय सांगू? आणि अजून अडीच आठवड्यांनी मामेबहिणीचं लग्न आहे. हळद, काजळ, मेकअप, सगळं आलंच. अनुभव असलेल्यांनी प्लीज लिहा.

रानवारा | मंगळवार, रात्री ११:०५

घाबरू नकोस. माझी वलयं साडेतीन महिन्यांनी गेली, कोरडेपणा जायला आठ महिने लागले. आता सहा वर्षं झाली, आठवणही नाही.

धडाडी | मंगळवार, रात्री ११:२०

एवढं काही नसतं हो. मी तिसऱ्या दिवशी ऑफिसला, पाचव्या दिवशी बुलेटवर. आठवड्यानं थेंबही बंद केले. जितकं मनात आणाल तितकं खुपतं.

दृष्टिक्षेप | बुधवार, सकाळी ७:१५

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, लेझरच्या आधीच्या आणि नंतरच्या तपासण्या रोज करते. केळफूल, तुला जे होतंय ते मनाचं नाही.

नंबर जाणं हा आकाराचा मामला आहे. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच समज, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. लॅसिकमध्ये तिचा साधारण १०० ते १२० मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) पातळ पापुद्रा उचलतात, खालच्या भागाला लेझरनं आकार देतात आणि पापुद्रा परत जागेवर बसवतात. आकार त्याच क्षणी बदलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पंख्यावरची धूळ दिसते. पण तो पापुद्रा कापताना कॉर्नियातल्या बारीक नसाही कापल्या जातात. डोळा कोरडा पडला की मेंदूला कळवायचं काम त्या नसांचं. निरोपच नीट पोचत नाही, म्हणून पाणी कमी सुटतं आणि पापण्याही कमी मिटतात. या नसा परत वाढायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. सगळ्यात जास्त त्रास पहिल्या तीन महिन्यांत.

म्हणजे तुझी नजर बरी झाली आहे, डोळा अजून बरा व्हायचा आहे. फलकावरची अक्षरं वाचली की पेशंट आणि घरचे दोघांनाही वाटतं संपलं. आम्हीही त्या धावपळीत हे पुरेसं समजावून सांगत नाही, हे मान्य करते.

धडाडी, तुमचं छान झालं याचा आनंद आहे. पण नंबर किती होता, डोळे आधीपासून कोरडे होते का, कॉन्टॅक्ट लेन्स किती वर्षं वापरल्या, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. थेंब स्वतःच्या मनानं बंद करायचा सल्ला इथे कुणी घेऊ नये.

धडाडी | बुधवार, सकाळी ९:३०

नंबर दीड होता माझा. साडेपाच-सहाचं गणित वेगळं असेल तर शब्द मागे घेतो. केळफूल, सांभाळून.

माजघर | बुधवार, दुपारी २:१०

माझं लॅसिक नाही, पीआरके झालं. कॉर्निया पातळ निघाला, म्हणून डॉक्टरांनी पापुद्रा करायचा नाही असं ठरवलं. यात वरची नाजूक साल काढून थेट लेझर मारतात आणि साल परत भरेपर्यंत वर पट्टीसारखी एक कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात. कोल्हापुरात, २०१६ च्या डिसेंबरात.

पहिले साडेतीन दिवस कुणी वैऱ्यालाही देऊ नये असे गेले. मिरची कुटलेला हात डोळ्यात जावा तसं. खिडकीला दोन घोंगड्या टांगल्या होत्या, तरी दाराच्या फटीतला उजेड सुईसारखा टोचायचा. फोन नाही, टीव्ही नाही. सासूबाई भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "डावीकडं वाटी हाय, उजवीकडं पाणी." त्यांना मोतीबिंदूच्या वेळी मी असंच सांगायचे. रेडिओ लावून पडून राहायचे, तेवढाच आधार.

पाचव्या दिवशी लेन्स काढली. दुखणं संपलं, पण नजर दुधाळ काचेतून पाहावं तशी. वर्तमानपत्राचं बारीक अक्षर वाचायला तीन आठवडे लागले आणि खरी स्वच्छ नजर यायला तीन महिने. उन्हात गॉगलशिवाय जायचं नाही अशी सक्त ताकीद होती, कारण उन्हानं कॉर्नियावर धूसरपणा येऊ शकतो. सहा महिने मी अंगणात पापड वाळत घालायलाही गॉगल लावून गेले.

हे घाबरवायला लिहीत नाही. पीआरके करणाऱ्यांना कुणी लॅसिकवाल्यांचे 'दुसऱ्या दिवशी ऑफिस' असले अनुभव सांगितले की ते दहाव्या दिवशी रडकुंडीला येतात. मी आले होते. तुमचं कुठलं झालंय त्याच्या लोकांना विचारा.

आबा_वाईकर | बुधवार, संध्याकाळी ६:००

आमच्या लहानपणी डोळे आले की आई मध घालायची, गुलाबपाणी तर नेहमीचंच. डोळे गार होत. आईला एकदम मोडीत काढू नकोस पोरी.

तुळशीवृंदावन | बुधवार, रात्री ८:२५

आबा, मी वैद्य आहे, नेत्रतर्पण (डोळ्यांवर औषधी तूप धरायचा आयुर्वेदिक उपचार) स्वतः करतो, तरी सांगतो: शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात गुलाबपाणी, मध, तूप, एरंडेल, त्रिफळ्याचं पाणी, काहीही घालायचं नाही. ती ताजी जखम आहे. घरातली बाटली निर्जंतुक नसते, आणि जंतू पापुद्र्याखाली गेला तर नजरेवर बेतेल. केळफूल, आईंना सांगा की गारवा हवाच असेल तर स्वच्छ रुमाल गार पाण्यात पिळून कपाळावर ठेवा, डोळ्यावर नको. त्यांच्या हातांनाही काम मिळेल.

आबा_वाईकर | बुधवार, रात्री ८:४०

पटलं वैद्यबुवा. जखम आहे हे ध्यानात आलं नाही.

पिंपळपार | गुरुवार, रात्री १२:१५

थेंबांचा विषय निघालाच आहे तर माझं लिहितो. हे आजवर घरी सोडून कुणाला सांगितलं नव्हतं.

ऑपरेशननंतर मला तीन बाटल्या दिल्या होत्या. एक अँटिबायोटिक, आठवडाभर. एक कृत्रिम अश्रूंची. आणि एक पांढरट औषध, स्टेरॉइड, पहिला आठवडा चारदा, मग तीनदा, दोनदा, एकदा आणि बंद. महिन्यानं सगळं ठरल्यासारखं संपलं. पण डोळे लाल व्हायचे, चुरचुरायचे. एका रात्री ती पांढरी बाटली सापडली, तळाशी थोडं उरलं होतं. घातलं, आणि तासाभरात डोळे निवळशंख. मग मी ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणत राहिलो. चिठ्ठी कुणी मागितली नाही. अडीच महिने.

तपासणीची तारीख मी दोनदा पुढे ढकलली होती, कारण दिसत तर उत्तम होतं. शेवटी गेलो तेव्हा डोळ्यातला दाब ३१ निघाला. २१ च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. दुखलं नाही, नजर कमी झाली नाही, काहीच कळलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "अजून काही घालताय का?" तेव्हा खिशातून ती बाटली काढली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. काचबिंदू होऊन मागची नस सुकली असती तर ती नजर परत आली नसती. औषध बंद झालं, दाबाचे थेंब दोन महिने घातले, दाब खाली आला. नस वाचली.

कोरडेपणावर इलाज म्हणून ती बाटली कुणीही वापरू नका. हात जोडून सांगतो.

दृष्टिक्षेप | गुरुवार, सकाळी ७:४०

पिंपळपार, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. यात एक भर: लेझरनंतर कॉर्निया पातळ झालेला असतो, त्यामुळे यंत्रावर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून कुठेही डोळे तपासायला गेलात, अगदी पंधरा वर्षांनी, तरी "माझं लेझर झालंय" हे आधी सांगा.

आणि थेंब घालायची पद्धत. हात धुवा. स्टेरॉइडची बाटली आधी हलवा, औषध तळाशी बसलेलं असतं. खालची पापणी बोटानं किंचित ओढून त्या खोबणीत एकच थेंब. बाटलीचं टोक पापणीला लागता कामा नये. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलका दाबून धरा. औषध घशात उतरून कडू लागतं ना, ते यामुळे थांबतं. दुसऱ्या बाटलीसाठी पाच मिनिटं थांबा, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. कृत्रिम अश्रू दिवसातून सहा-आठदा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. महाग पडतात, पण त्या रसायनानंच पुन्हा चुरचुर व्हायला नको.

हडसनकाठ | गुरुवार, रात्री ९:५०

थोडं अवांतर, पण केळफूलला जळका वास आला म्हणून राहवत नाही. ते जळणं नव्हतंच!

या लेझरच्या मुळाशी मद्रासमध्ये १९२९ साली जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आहेत. मी न्यू जर्सीत राहतो, तिथून फार लांब नाही, न्यूयॉर्क राज्यातल्या यॉर्कटाउन हाइट्सला आयबीएम या संगणक कंपनीचं संशोधन केंद्र आहे, तिथे ते होते. १९८१ मध्ये थँक्सगिव्हिंगच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस त्यांनी प्रयोगशाळेत नेलं आणि त्यावर एक्सायमर लेझर मारून पाहिला. चर पडली स्वच्छ, बाजूच्या भागाला चटकासुद्धा नाही. १९३ नॅनोमीटरचे अतिनील किरण रेणूंचे बंध तोडतात, पदार्थ तापून जळण्याआधी त्याचे कण उडून जातात. त्या कणांचा तो वास. जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे त्यांचे सहकारी. पुढे स्टीफन ट्रोकेल या न्यूयॉर्कच्या नेत्रतज्ज्ञांनी तो कॉर्नियासाठी वापरायची दिशा दाखवली. श्रीनिवासन, विन आणि ब्लम या तिघांना अमेरिकेचं तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक मिळालं, त्याचा समारंभ २०१३ मध्ये ओबामांच्या हस्ते झाला.

माझ्या बायकोचं लेझर झालं तेव्हा मी तिला हे सांगत होतो, ती म्हणाली, "आता नको, आधी ड्रॉप्स घाल."

शेवंती | गुरुवार, रात्री १०:०५

तिच्या बाजूनं मत 🙂 पण माहिती सुंदर आहे, वास का येतो हे मला डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

केळफूल, आता लग्नाचं. हळदीच्या दिवशी मंडळी मागून येऊन तोंडाला फासतात, तो खरा धोका. आधीच मामीला सांगून ठेव की तुला फक्त हातापायांना लावायची. काजळ आणि आयलायनर डॉक्टर सांगतील तोवर नाही, आणि जुन्या डबीतलं तर कधीच नाही, नवीन आण. मेकअप काढताना डोळे घासले जातात, तेही लक्षात ठेव. केस धुवायचे तर पार्लरमध्ये जाऊन मान मागे टाकून, किंवा आईला सांग. मी पहिले दोन आठवडे न्हाणीघरात पाटावर उताणी झोपायचे आणि बहीण तांब्यानं पाणी घालायची. लहानपण आठवायचं.

गच्ची | शुक्रवार, सकाळी ११:००

स्क्रीनबद्दल. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनकडे बघताना ते पाच-सातवर येतं. माझ्या टेबलावर एसीचा झोत थेट तोंडावर यायचा. प्रशासनाला सांगून जागा बदलून घेतली आणि निम्मा त्रास तिथेच संपला. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीच्या थोडी खाली ठेवली, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेरच्या नारळाकडे बघायचं, आणि पापण्या पूर्ण मिटायच्या. अर्ध्या मिटून उपयोग नाही. खुपायला लागल्यावर थेंब घालू नकोस, घड्याळ लावून आधीच घाल. घरी झोपताना पंखा पायाकडे.

निवांत५८ | शनिवार, दुपारी ४:३०

तरुण मंडळींसाठी दोन गोष्टी, ज्या ऑपरेशनच्या दिवशी कुणी सांगत नाही.

पहिली, चाळिशी टळत नाही. लेझर कॉर्नियावर होतं, चाळिशी आतल्या नैसर्गिक भिंगाची. माझं २००३ मध्ये झालं, पंचेचाळिशीत वाचायचा चष्मा लागला. ऑपरेशन फसलं असं समजून मी डॉक्टरांशी भांडायला गेलो होतो.

दुसरी, कागद. गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आत बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात, आणि लेझरनं ती वक्रता बदललेली असते. डॉक्टरांनी लेझरच्या आधीची मोजमापं मागितली. जिथे झालं ते रुग्णालय केव्हाच बंद पडलं होतं. तीन रविवार माळ्यावरच्या ट्रंका उपसल्या. लग्नाच्या अल्बमच्या खाली एक पिवळी फाईल सापडली, त्यात एक पान होतं, शाई पुसट झालेली. कागद नसले तरी आता इतर सूत्रं आहेत म्हणे, पण ते पान पाहून डॉक्टरांचा चेहरा खुलला. केळफूल, उद्याच रुग्णालयातून आधीचा नंबर, आधीची वक्रता, कॉर्नियाची जाडी, सगळं मागून घे. फोटो काढून स्वतःलाच मेल कर.

दृष्टिक्षेप | शनिवार, रात्री ९:००

निवांतकाका, +१००. आणि तिसरी: नंबर गेला तरी मायनस सहाचा डोळा आतून लांबुळकाच राहतो, त्याचा पडदा ताणलेलाच असतो. त्यामुळे वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचाच. अचानक विजा चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा बाजूनं पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. सकाळची वाट पाहू नका. आता तुझ्या टप्प्यावर नजर कमी होणं, वाढती लाली, खरं दुखणं किंवा डोळ्याला मार लागणं, यातलं काही झालं तरी तसंच.

केळफूल | पाच आठवड्यांनंतर, रविवार

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. प्रत्येक प्रतिसाद आईला वाचून दाखवला. वैद्यबुवांचा तिनं दोनदा वाचायला लावला. गुलाबपाण्याची बाटली आता देवघरात आहे.

हळदीला मामीनं फक्त तळव्यांना आणि पावलांना लावली. मी अंगणात गॉगल लावून बसले होते. एकदा मागून एक हळदीनं माखलेला हात चेहऱ्याकडे आला. कसा कोण जाणे, मी तो मनगटाशी धरला. आठ वर्षांची भाची होती. तिची पाच पिवळी बोटं गॉगलच्या काचेपासून चार इंचांवर. तिला बिचारीला काही कळेना, मला घाम फुटला होता. मग तिला मांडीवर घेऊन सगळं समजावलं. नंतर दिवसभर ती माझ्यापुढे उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "मावशीच्या डोळ्याला लावायचं नाही!"

त्यानंतरच्या तपासणीत डोळ्यात कागदाची पट्टी अडकवून पाणी किती सुटतं ते मोजलं. कमी आहे. म्हणजे मला जे वाटत होतं ते खरं होतं, यानंच अर्धं बरं वाटलं. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब दिले आहेत, रात्रीसाठी जेल. ऑफिसात जागा बदलून मिळाली. चारचं खुपणं आता सहाला येतं. वलयं आहेत, पण लहान झाली आहेत. रात्रीची स्कूटर अजून भाऊच चालवतो. फाईल मिळाली, मेल केली, आणि एक प्रत बाबांच्या कपाटात.

नाकावरचा चष्मा वर सरकवायला बोट अजून जातं. कुणाचं कधी थांबलं?

रानवारा | रविवार, रात्री ८:१०

दीड वर्ष.

माजघर | रविवार, रात्री ८:३०

माझं अजून जातं, पाऊस आला की. पदरानं काच पुसायला.

सायली_नवी | सोमवार, सकाळी १०:२०

धागा पूर्ण वाचला. माझं पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आहे. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स रोज घालते. कधीपासून बंद करू?

दृष्टिक्षेप | सोमवार, दुपारी १:४५

मोजमापं घ्यायच्या निदान एक-दोन आठवडे आधीपासून, ऑपरेशनच्या नव्हे. लेन्सनं कॉर्नियाचा आकार थोडा दबतो, आणि त्या दबलेल्या आकारावर मोजमाप झालं तर चुकीचं उतरतं. नेमके दिवस तुझ्या डॉक्टरांकडून लिहून घे. मोजमापं झाली असतील आणि तेव्हा लेन्स चालूच होत्या, तर आजच फोन कर.